टीएनएफ : गाठ मारणाऱ्या रेणूने गाठ कशी पोसली

विज्ञानात घाईने दिलेले नाव पुढे कितीही चुकीचे ठरले तरी सहसा बदलत नाही. कोलंबसाने अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना 'इंडियन' म्हटले आणि ते नाव शतकानुशतके चिकटून राहिले, तसाच हा प्रकार. १९७५ साली न्यूयॉर्कमध्ये उंदरांच्या रक्तद्रवात एक घटक सापडला आणि त्याचे बारसे 'ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर', म्हणजे गाठीतील ऊती मृत करणारा घटक, असे झाले. संक्षेपाने टीएनएफ. कर्करोगावरचे अस्त्र शरीराच्याच भात्यात मिळाले, अशी त्या काळची भावना होती.

पुढच्या तीस वर्षांत मात्र मोठ्या आतड्यात हाच रेणू कर्करोगाला खतपाणी घालू शकतो असे दिसून आले. मारेकरी म्हणून ज्याची ओळख करून देण्यात आली, तो कोठीघराचा कारभारी निघाला. ही उलथापालथ कशी झाली आणि तिच्यात रुग्णांचे काय पणाला लागले, याचा इतिहास या धाग्यात पाहू. त्याची सुरुवात न्यूयॉर्कच्याही आधी, बर्लिनमध्ये होते.

१८६२-६३ च्या हिवाळ्यात रुडॉल्फ फिर्खो बर्लिनमध्ये गाठींच्या रोगांवर व्याख्याने देत होते. हे गृहस्थ केवळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारे नव्हते. १८४८ साली सायलीशियातील टायफसच्या साथीची पाहणी करायला सरकारने त्यांना पाठवले, तेव्हा साथीचे मूळ दारिद्र्यात आणि राज्यकर्त्यांच्या अनास्थेत आहे असे त्यांनी अहवालात लिहिले. पुढे १८६५ मध्ये खुद्द बिस्मार्कने त्यांना द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. अशा या माणसाने गाठींच्या कापांमध्ये एक गोष्ट हेरली होती. कर्कपेशींच्या गर्दीत रक्तातल्या पांढऱ्या पेशी आढळतात. या पेशी जखमेच्या, दाहाच्या जागी जमतात हे माहीत होते. त्या गाठीत काय करत होत्या? दीर्घकाळ चाललेली चिडचिड आणि दाह जिथे असतो तिथे कर्करोग उगवतो, अशी फिर्खो यांची मांडणी होती.

ही मांडणी कोणी खोडून काढली नाही, ती फक्त अडगळीत पडली. आधी जंतुशास्त्राचे युग आले, मग किरणोपचारांचे आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जनुकांचे. कर्करोग म्हणजे पेशीच्या आतला बिघाड, हे चित्र इतके ठसठशीत होते की पेशीच्या आसपास कोण उभे आहे याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

आता न्यूयॉर्क. १८९० साली विल्यम कोली या अठ्ठावीस वर्षांच्या शल्यचिकित्सकाकडे एलिझाबेथ डॅशील नावाची सतरा वर्षांची मुलगी हात दाखवायला आली. किरकोळ दुखापत झालेला हात बरा होत नव्हता. निदान निघाले हाडाच्या सार्कोमाचे. कोलींनी तिचा हात कोपराखाली कापला, तरीही रोग शरीरभर पसरला आणि जानेवारी १८९१ मध्ये ती गेली. तिचा जिवलग मित्र होता जॉन डी. रॉकफेलर धाकटे. रॉकफेलर घराण्याचा पैसा पुढे कर्करोग संशोधनाकडे वळला, त्यामागे या मृत्यूची आठवण होती असे मानले जाते.

कोली मात्र रुग्णालयाच्या जुन्या नोंदी चाळत बसले. त्यांत त्यांना स्टाइन नावाच्या एका जर्मन स्थलांतरिताची नोंद मिळाली. मानेवर सार्कोमा, वारंवार शस्त्रक्रिया, प्रत्येक वेळी गाठ परत. शेवटी त्याला धावरे झाले. धावरे म्हणजे त्वचेचा तो लालभडक, तापाने फणफणवणारा जंतुसंसर्ग, ज्याला आयुर्वेदात विसर्प म्हणतात. ताप उतरला आणि गाठ विरघळून गेली! कोलींनी गरीब वस्त्यांच्या गल्ल्या पालथ्या घालून या माणसाला शोधून काढले. तो धडधाकट होता.

मग कोलींनी जे केले ते आज कोणतीही नैतिक समिती मान्य करणार नाही. त्यांनी रुग्णांना मुद्दाम धावऱ्याचे जंतू टोचायला सुरुवात केली. १८९१ मध्ये झोला नावाच्या इटालियन रुग्णाला अनेक प्रयत्नांनंतर खरा संसर्ग जडला, तो मरणाच्या दारात पोचला, आणि त्याच्या घशातील गाठ ओसरली. तो पुढे काही वर्षे जगला. पण इतर काही रुग्ण त्या संसर्गानेच दगावले. म्हणून १८९३ पासून कोली जिवंत जंतूंऐवजी मारलेल्या दोन प्रकारच्या जंतूंचे मिश्रण वापरू लागले. त्याला 'कोलीचे विष' असे नाव पडले.

हे मिश्रण कधी चाले, कधी चालत नसे. बनवण्याची पद्धत बदले, मात्रा बदले, टोचण्याची जागाही बदले. कोली ज्या मेमोरियल रुग्णालयात काम करत, तिथलेच जेम्स युइंग हे रोगनिदानशास्त्रज्ञ किरणोपचारांचे कट्टर पुरस्कर्ते होते आणि कोलींच्या पद्धतीवर त्यांचा विश्वास नव्हता. युइंग हे केवळ हटवादी होते असे म्हणणे सोपे आहे, पण अन्यायाचे. मोजमापाशिवाय आलेले यश कोणी कसे स्वीकारावे? १९३६ मध्ये कोली वारले आणि १९६५ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने त्यांच्या उपचाराची गणना असिद्ध उपचारांत केली. या काळात वडिलांची कागदपत्रे सांभाळली ती त्यांच्या कन्या हेलन कोली नॉट्स यांनी. वैद्यकीय पदवी नसतानाही त्यांनी शेकडो रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि १९५३ मध्ये कर्करोग व प्रतिकारशक्ती यांच्या संबंधाचा शोध घेण्यासाठी कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट ही संस्था काढली.

कोलींच्या कथेतला एक तपशील पुढच्या सगळ्या घोटाळ्याच्या मुळाशी आहे. त्यांचे नाव गाजवणारे रुग्ण बहुतांशी सार्कोमाचे होते, म्हणजे हाडे, स्नायू अशा ऊतींतल्या गाठींचे. आतड्याच्या अस्तरातून उगवणारा कर्करोग ही वेगळीच जात आहे.

कोलींच्या मिश्रणातला नेमका कोणता पदार्थ गाठीवर घाव घालतो? १९४३ मध्ये मरे शिअर यांनी त्यातल्या एका जंतूपासून एक शर्करायुक्त पदार्थ वेगळा केला. तो टोचला की उंदरांच्या गाठींत रक्तस्राव होई. हा पदार्थ म्हणजे जंतूंच्या आवरणातले अंतर्विष. मग १९७५ साली स्लोन-केटरिंग संस्थेतल्या एलिझाबेथ कार्सवेल, लॉइड ओल्ड आणि सहकाऱ्यांनी निर्णायक प्रयोग केला. उंदरांना आधी बीसीजी, म्हणजे आपल्या दंडावर क्षयासाठी टोचतात तीच लस दिली, नंतर अंतर्विष टोचले, आणि त्यांच्या रक्ताचा द्रवभाग काढून गाठ असलेल्या दुसऱ्या उंदरांना दिला. गाठीचा गाभा काळा पडून मेला. याचा अर्थ घाव अंतर्विषाचा नव्हता. अंतर्विषाने चवताळलेल्या यजमानाच्या पेशींनीच सोडलेल्या एका घटकाचा तो होता. बारसे झाले ते याच वेळी.

असे निरोप्याचे काम करणारे अनेक रेणू त्या दशकात सापडत होते. १९७४ मध्ये स्टॅन्ली कोहेन यांनी त्यांच्यासाठी 'सायटोकाइन' ही संज्ञा सुचवली, आणि १९७९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका परिषदेत त्यातल्या काहींना 'इंटरल्यूकिन' हे क्रमांकवार नाव मिळाले. मराठेशाहीतला जासूद डोळ्यांसमोर आणला तर सायटोकाइनचे काम चटकन कळते. 'फौज पाठवा' हा निरोप वेढा पडलेल्या किल्ल्यावर पोचला तर प्राण वाचतात. तोच निरोप वेढा उठल्यावर महिनोन्महिने येत राहिला, तर फौजेच्या खर्चानेच मुलूख उजाड होतो. टीएनएफच्या अभ्यासकांना हे समजायला आणखी पंचवीस वर्षे लागली.

पहिला धक्का कर्करोगाच्या बाहेरून आला. न्यूयॉर्कच्या यॉर्क ॲव्हेन्यूवर स्लोन-केटरिंगच्या समोरच रॉकफेलर विद्यापीठ आहे. तिथे अँथनी सेरामी एका निराळ्याच कोड्यात गुंतले होते. आफ्रिकेतली गुरे ट्रिपॅनोसोमा या परजीवीच्या संसर्गाने खंगून मरतात, पण त्यांच्या रक्तात परजीवींची संख्या कधीकधी अगदी थोडी असते. मग त्यांना आतून खाते कोण? सेरामींना असा घटक मिळाला जो प्राण्याचे शरीर झिजवतो. खंगण्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून त्याला 'कॅकेक्टिन' म्हटले गेले. १९८५ मध्ये ब्रूस बॉयट्लर आणि सेरामी यांनी तो शुद्ध करून त्याची रचना तपासली, आणि कॅकेक्टिन व टीएनएफ एकच निघाले. रस्त्याच्या एका बाजूला कर्करोगाचा शत्रू, दुसऱ्या बाजूला शरीराचा शत्रू, आणि रेणू तोच. आधुनिक जीवशास्त्रात एवढी नाट्यमय ओळखपरेड क्वचितच झाली असेल.

त्याच वर्षी त्यांच्या चमूने दाखवले की टीएनएफला अडवणारी प्रतिद्रव्ये आधीच दिली तर उंदीर अंतर्विषाच्या घातक माऱ्यातून वाचतात. जंतुदोषाने येणाऱ्या जीवघेण्या आघातामागे हाच रेणू होता. दरम्यान १९८४ मध्ये त्याचे जनुक हाती आले होते आणि तो कारखान्यात बनू लागला होता, त्यामुळे माणसांवरच्या चाचण्याही सुरू झाल्या. थंडी वाजून ताप, कोसळणारा रक्तदाब, आणि गाठींवर नगण्य परिणाम. औषध म्हणून तो उरला तो फक्त एका अडचणीच्या उपयोगापुरता. हात किंवा पाय कापावा लागेल अशी गाठ असली, तर त्या अवयवाचा रक्तप्रवाह उर्वरित शरीरापासून तोडून त्यात टीएनएफ आणि केमोथेरपीचे औषध फिरवतात. युरोपात त्याला १९९९ मध्ये परवानगी मिळाली.

त्याच सुमारास उलट दिशेने मोठी क्रांती झाली. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी संधिवातात टीएनएफ अडवणारे औषध वापरून पाहिले आणि रुग्णांचे सुजलेले सांधे निवळले. १९९८ साली अमेरिकेत इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफरोधक औषध क्रोन्सच्या आतड्याच्या रोगासाठी मंजूर झाले. इथे एक भीती साहजिकच उभी राहिली. ज्या रेणूचे नावच 'गाठ मारणारा' आहे, तो वर्षानुवर्षे दाबून ठेवला तर रुग्णाच्या आतड्यात कर्करोग मोकाट सुटणार नाही का?

ही भीती आणखी बोचरी होती, कारण या रुग्णांना आतड्याच्या कर्करोगाचा धोका मुळातच अधिक असतो. अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सतत व्रण पडत राहणारा दाहरोग, आणि कर्करोग यांची सांगड १९२५ मध्येच घातली गेली होती. ती घालणाऱ्यांपैकी एक होते न्यूयॉर्कचे बरिल क्रोन, ज्यांचे नाव पुढे क्रोन्स रोगाला मिळाले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संकलित विश्लेषणात असा अंदाज निघाला की कोलायटिस झाल्यावर १० वर्षांनी सुमारे २ टक्के, २० वर्षांनी ८ टक्के आणि ३० वर्षांनी १८ टक्के रुग्णांना हा कर्करोग होतो. नंतरच्या अभ्यासांत हे आकडे बरेच खाली आले, पण तीस वर्षांचा कोलायटिस असलेल्या माणसाला तेव्हा डॉक्टर हेच सांगत.

उत्तराची पहिली चाहूल आतड्यात नाही, त्वचेत लागली. १९९९ मध्ये फ्रान्सिस बाल्कविल यांच्या गटाने ज्यांच्यात टीएनएफचे जनुकच नाही अशा उंदरांच्या त्वचेवर कर्करोगकारक रसायने लावली. या उंदरांना गाठी जास्त व्हायला हव्या होत्या. प्रत्यक्षात त्यांना कमी झाल्या! २००१ मध्ये बाल्कविल आणि अल्बर्टो मांटोव्हानी यांनी 'लॅन्सेट'मध्ये लेख लिहिला, ज्याच्या शीर्षकातच पुन्हा फिर्खोंकडे जायचे का, असा प्रश्न होता.

आतड्याकडे वळण्याआधी तिथला भूगोल समजून घ्यायला हवा. मोठ्या आतड्याच्या पोकळीत अब्जावधी जंतू राहतात आणि त्यांच्यापासून शरीराला वेगळे करणारी भिंत आहे अवघ्या एका पेशीच्या जाडीची. वर चिकट श्लेष्माचा थर, खाली पहाऱ्यावरच्या रोगप्रतिकारक पेशी. ही भिंत दर चार-पाच दिवसांनी नव्याने बांधली जाते. भिंतीला खड्ड्यांसारख्या सूक्ष्म विहिरी असतात, त्यांच्या तळाशी मूळपेशी विभाजित होत राहतात आणि नव्या पेशी वर सरकतात. जिथे बांधकाम अखंड चालू आहे, तिथे 'वाढा, दुरुस्ती करा' हा निरोप सततच येत राहणार, आणि त्यात एखाद्या पेशीचे जनुक बिघडलेले असले तर दुरुस्तीच्या नावाखाली तीही वाढणार. १९८६ मध्ये हॅरल्ड ड्वोराक यांनी गाठीला न भरणाऱ्या जखमेची उपमा दिली होती. आतड्याइतकी ती दुसरीकडे कुठे चपखल बसत नसेल.

२००४ साली कॅलिफोर्नियात मायकेल करीन यांच्या प्रयोगशाळेत फ्लोरियान ग्रेटेन आणि सहकाऱ्यांनी जो प्रयोग केला, तो या इतिहासातला सर्वांत देखणा म्हणावा लागेल. टीएनएफचा निरोप पेशीत शिरला की एनएफ-कप्पा-बी नावाची कळ दाबली जाते आणि जगण्याची, दाहाची अनेक जनुके जागी होतात. ही कळ १९८६ मध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी शोधली होती. ग्रेटेन यांनी उंदरांत कोलायटिस आणि त्यातून कर्करोग घडवून आणला, पण काही उंदरांत ही कळ दाबणारे एन्झाइम फक्त आतड्याच्या अस्तरातून काढून टाकले, तर काहींत फक्त महाभक्षी पेशींसारख्या रोगप्रतिकारक पेशींतून.

अस्तरातून काढले तेव्हा दाह तसाच राहिला, पण गाठींची संख्या प्रचंड घटली. बिघडलेल्या पेशी दाहाच्या धुमश्चक्रीत तग धरू शकल्या नाहीत, मरून गेल्या. रोगप्रतिकारक पेशींतून काढले तेव्हा गाठींचा आकार खुजा राहिला, कारण त्या पेशींकडून येणारा वाढीचा शिधा आटला. फिर्खोंनी पाहिलेल्या पांढऱ्या पेशी गाठीत काय करत होत्या, याला एकशे चाळीस वर्षांनी आतड्यापुरते तरी उत्तर मिळाले. त्यातल्या काही तिला जेवू घालत होत्या.

या शिध्यात काय काय होते, हे पुढच्या पाच वर्षांत उलगडले. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले की उंदरांत टीएनएफ अडवला तर कोलायटिसमधून होणारे आतड्याचे कर्करोग कमी होतात. २००९ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे इंटरल्यूकिन-६ वर बोट ठेवले. ओसाकामध्ये तादामित्सु किशिमोतो आणि तोशिओ हिरानो यांच्या गटाने १९८६ मध्ये ज्याचे जनुक हाती घेतले तोच हा रेणू. तो अस्तराच्या पेशींत स्टॅट-३ नावाची दुसरी कळ दाबतो. तिच्यामुळे पेशी मरायचे टाळते आणि विभाजनाचा वेग वाढवते. दाहात ही कळ अस्तर वाचवते. गाठीत ती गाठ वाचवते.

याच्या अगदी उलट नावाचा एक रेणू याच आतड्यात वावरतो. 'ट्रान्सफॉर्मिंग ग्रोथ फॅक्टर-बीटा', थोडक्यात टीजीएफ-बीटा. निरोगी पेशींना कर्कपेशीसारखे वागायला लावतो म्हणून त्याला हे नाव पडले. पण १९८४ मध्येच कळले होते की माकडाच्या मूत्रपिंडपेशींची वाढ रोखणारा एक घटक म्हणजे हाच रेणू. १९९५ मध्ये आतड्याच्या कर्करोगांच्या एका गटात असे आढळले की कर्कपेशींनी या रेणूचा ग्राहक, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचे त्याचे कुलूप, मोडून टाकलेले असते. ज्याचा अंकुश वाटतो, त्याच्याकडे कान बंद करून घेण्याचा हा प्रकार. एकाचे नाव मारेकऱ्याचे आणि काम पोसण्याचे, दुसऱ्याचे नाव वाढवणाऱ्याचे आणि काम, निदान सुरुवातीला, रोखण्याचे. नावे ठेवणारे चुकले नव्हते. त्यांनी ज्या पेशीत, ज्या क्षणी पाहिले तिथे रेणू तसाच वागत होता.

क्षणाचे महत्त्व २०१२ मध्ये सॅम्युएल ह्युबर आणि सहकाऱ्यांनी इंटरल्यूकिन-२२ च्या बाबतीत दाखवले. अस्तराला इजा झालेली असताना हा रेणू ती भरून काढतो. इजा भरून येऊ लागल्यावर त्याला अडवणारे दुसरे प्रथिन वेळेवर कामाला लागले नाही, तर तोच गाठी वाढवतो.

त्याच वर्षीच्या आणखी एका शोधाकडे या विषयावर लिहिताना बरेचदा दुर्लक्ष होते. आतापर्यंतची कथा दाहरोगातून होणाऱ्या कर्करोगाची होती. पण आतड्याचे बहुसंख्य कर्करोग अशा लोकांना होतात ज्यांना आयुष्यात कधी कोलायटिस झालेला नसतो. मग त्यांच्या गाठीत दाहाचे निरोप कुठून येतात? सर्गेई ग्रिव्हेनिकोव्ह, करीन आणि सहकाऱ्यांना दिसले की आधी पेशीतले जनुक बिघडते, लहानशी गाठ तयार होते आणि त्या गाठीवरची भिंत कच्ची असते. श्लेष्माचे कवच विरळ होते, पेशींमधले सांधे सैल पडतात. फटींतून जंतूंचे घटक आत झिरपतात, महाभक्षी पेशी इंटरल्यूकिन-२३ सोडतात, त्यामागून इंटरल्यूकिन-१७ येते आणि गाठ फोफावते. इथे दाह आधी नव्हता. गाठीने तो स्वतः ओढवून घेतला.

या ज्ञानाचा व्यवहारातला सर्वांत साधा पुरावा मात्र रेणूंची नावे कळण्याच्या बराच आधी मिळाला होता. १९८८ मध्ये मेलबर्नमधल्या एका अभ्यासात नियमित ॲस्पिरिन घेणाऱ्यांत आतड्याचा कर्करोग कमी आढळला. ॲस्पिरिन सायटोकाइन थेट अडवत नाही, दाहाच्या साखळीतल्या प्रोस्टाग्लँडिन या निराळ्या निरोप्यांची निर्मिती रोखते. २०११ मध्ये लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषाच्या रुग्णांवरील चाचणीनेही ॲस्पिरिनच्या बाजूने कौल दिला. पोटात रक्तस्राव होण्याचा धोका असल्यामुळे हे औषध सरसकट सर्वांना देता येत नाही, ते डॉक्टरांनी ठरवायचे.

टीएनएफ अडवणाऱ्या औषधांबद्दलची ती भीती पूर्ण निराधार होती असेही नाही. मुले आणि किशोरवयीनांत लसिकापेशींच्या कर्करोगाच्या काही घटना नोंदवल्या गेल्या आणि २००९ मध्ये अमेरिकी नियामकाने या औषधांवर ठळक इशारा छापायला लावला. आतड्याच्या बाबतीत मात्र आज दाह आटोक्यात ठेवणे, आणि त्याच्या जोडीला ठराविक काळाने दुर्बिणीने आतडे तपासणे, हेच संरक्षण मानले जाते.

एवढे वाचून रोगप्रतिकारक पेशी म्हणजे गाठीच्या हस्तक, असा समज होऊ शकतो, आणि तो पुन्हा १९७५ सारखाच एकांगी होईल. २००६ मध्ये पॅरिसच्या जेरोम गलॉं यांच्या गटाने आतड्याच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी तपासल्या आणि त्यांच्या गाभ्यात व काठावर टी पेशी किती आहेत हे मोजले. जिथे मारक टी पेशी दाटीने होत्या आणि इंटरफेरॉन-गॅमाच्या प्रभावाखालची जनुके जागी होती, ते रुग्ण जास्त जगले. गाठ किती खोल गेली, किती पसरली या पारंपरिक मोजणीपेक्षाही ही मोजणी अधिक नेमके भाकीत करत होती. २०१८ मध्ये अनेक देशांतील २,६८१ रुग्णांवर तिची पडताळणी झाली. फिर्खोंच्या पांढऱ्या पेशींत दोन्ही पक्षांचे सैनिक होते.

२०२२ मध्ये मेमोरियल स्लोन-केटरिंगमध्ये, म्हणजे कोली आणि युइंग यांच्याच रुग्णालयात, गुदाशयाच्या कर्करोगाच्या एका छोट्या चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. या रुग्णांच्या गाठींत डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बंद पडलेली होती. अशा गाठी प्रतिकारपेशींना पटकन ओळखू येतात, पण इंटरफेरॉन-गॅमाच्या माऱ्याला उत्तर म्हणून त्या टी पेशींना लावायचा ब्रेक पुढे करतात. तो ब्रेक सोडवणारे डोस्टारलिमॅब हे औषध सहा महिने दिले गेले. उपचार पूर्ण केलेल्या बाराही रुग्णांची गाठ दिसेनाशी झाली. ना शस्त्रक्रिया, ना किरणोपचार, ना केमोथेरपी.

अशी बिघडलेली यंत्रणा गुदाशयाच्या कर्करोगाच्या ५ ते १० टक्के रुग्णांतच असते. उरलेल्यांवर ही औषधे फारशी चालत नाहीत. २०१८ मध्ये बार्सिलोनाच्या संशोधकांनी उंदरांतील पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगात त्याचे एक कारण शोधले. गाठीभोवतीच्या आधारपेशी टीजीएफ-बीटाने भारलेल्या असतात, आणि त्यामुळे टी पेशी वेशीबाहेरच थांबतात. सुरुवातीला गाठीवर अंकुश ठेवणारा तोच रेणू उशिराच्या टप्प्यात तिची तटबंदी झाला होता. त्याला अडवल्यावर उंदरांच्या गाठींत टी पेशी शिरल्या आणि ब्रेक सोडवणारे औषध चालू लागले. माणसांत हा निरोप नेमका कधी आणि कुठे अडवायचा, यावर आता काम चालू आहे.